तिसरा नमुना

रिक्षा गावाबाहेरच्या रस्त्याला लागली आणि माझा घसा आवळला. एक ठसका, मग दुसरा, मग डोळ्यांतून घळाघळा पाणी. रिक्षावाल्याने मागे न बघताच विचारलं, "बाहेरगावले ऱ्हास का, ताई?"

मी हो म्हटलं. या दिवसांत नंदुरबारात राहणाऱ्या माणसाला ठसका लागत नाही. त्याचा घसा लहानपणीच मुरलेला असतो. माझाही होता. इतकी वर्षं पुण्यात आणि परदेशात राहून तो पुन्हा नाजूक झाला आहे, आणि हे गावाला पहिल्या श्वासात कळतं.

पौष लागला की इथल्या मोकळ्या जागा लाल होतात. त्यांना पथारी म्हणतात. ओली मिरची आणायची, उन्हात पसरायची, उलटायची, देठ खुडायचे, पुन्हा पसरायची. लांबून ते फार देखणं दिसतं, लोक गाडी थांबवून फोटो काढतात. पथारीवर वाकलेल्या बायका तोंडाला फडकं बांधून असतात, त्यामुळे फोटोत त्यांचे चेहरे येत नाहीत. माझी आई लग्न होऊन नंदुरबारजवळच्या रनाळ्याला आली तेव्हापासून हिवाळाभर मिरची तोडते. या दिवसांत तिचे हात सतत भगभगायचे. ती आम्हा भावंडांच्या अंगाला हात लावत नसे. पाण्याचा पेलासुद्धा मनगटाने पुढे ढकलायची. हिवाळा म्हणजे आईचा हात न लागण्याचे दिवस, असं माझ्या मनात पक्कं बसलं होतं. थंडीचा आणि त्याचा काही संबंध नसतो, हे मला बऱ्याच मोठेपणी कळलं.

या वेळी मी सत्कारासाठी आले आहे. मला पुण्याच्या संस्थेत कायमची जागा मिळाली, आता माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे. रनाळ्याच्या शाळेने फलक लावला आहे. त्यावर माझ्या नावामागे 'डॉक्टर' लिहिलं आहे, आणि गावाला त्याचा एकच अर्थ ठाऊक आहे. मी घरी पोचले त्या दुपारी दोन बायका गुडघे दाखवायला आल्या. एकीने नातवाचे फोड दाखवले. मी म्हटलं, मी तसली डॉक्टर नाही. त्या हसल्या. डॉक्टर असून नाही म्हणते, म्हणजे पोरगी साधी राहिली, असं त्यांना वाटलं.

नऊ वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातही मी हेच वाक्य घरोघर सांगत फिरत होते. मी तसली डॉक्टर नाही. तेव्हा तर कसलीच नव्हते. संशोधनाचं चौथं वर्ष चालू होतं आणि दाखवण्यासारखं हातात काही नव्हतं.

माझा विषय होता लहान मुलांचा मधुमेह. गोड खाऊन किंवा वजन वाढून होतो तो नव्हे. शरीरात रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांना आपलं कोण आणि परकं कोण हे ओळखता यावं लागतं. काही मुलांच्या शरीरात ही ओळख चुकते. त्या पेशी जंतू सोडून स्वादुपिंडावर चालून जातात आणि इन्सुलिन तयार करणारा भाग थोडा थोडा करून संपवतात. मूल भरमसाट पाणी पितं, लघवीला जातं, वाळत जातं. मग एक दिवस बेशुद्ध होतं, आणि तेव्हा कुठे कळतं. त्यानंतर आयुष्यभर रोज इन्सुलिनची सुई. त्या मुलाने काही चुकीचं केलं म्हणून नाही, आईने काही खायला घातलं म्हणून नाही. कोणाचाच दोष नाही, हे सांगितलं की आईबापांना अजिबात बरं वाटत नाही. दोष कोणाचा तरी असला असता तर तो दूर करता आला असता.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. सरांना असं रक्त हवं होतं जे आजार नुकताच कळलेल्या मुलांचं असेल. त्या चुकलेल्या पेशी रक्तात सापडण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. आणि एकदा घेऊन भागायचं नव्हतं. प्रत्येक मुलाचे तीन नमुने हवे होते: आजार कळल्यावर लगेच, महिन्याने, आणि तीन महिन्यांनी. बाकीचे विद्यार्थी मोठ्या शहरांतली मुलं शोधत होते. मी म्हटलं, मी माझ्या जिल्ह्यात जाते, तिथली भाषा मला येते. सर खूश झाले. नंदुरबारातल्या एका कॉलेजने प्रयोगशाळेचा एक कोपरा दिला. वेगळ्या केलेल्या पेशी गोठवायला द्रव नायट्रोजन लागतो. तो मी जनावरांच्या दवाखान्यातून मिळवायची. तिथे तो वळूंचं रेत साठवायला येतो. मुलांच्या पेशी आणि वळूंचं रेत एकाच पिंपातल्या थंडीवर टिकतं, याचं मला तेव्हा हसू यायचं.

त्या हिवाळ्यात नंदुरबारातल्या मुलांच्या डॉक्टरांनी मला एक नाव कळवलं. आफरीन, वय दहा. बाप गाद्या-रजया भरणारा. पत्ता वाचून मी चमकले. ते युसुफचाचा होते.

आमच्या घरातली प्रत्येक रजई युसुफचाचांच्या हातची. दर दोन-तीन वर्षांनी वडील जुना कापूस घेऊन त्यांच्या दुकानात जायचे आणि मी सोबत जायची. मशीनमधून कापूस फुलून बाहेर पडायचा आणि दुकानभर उडायचा. चाचांच्या भुवयांवर, दाढीत, कानांच्या पाळ्यांवर कापसाचे तंतू असायचे. घरात ते हिंदी बोलत, पण गिऱ्हाइकाशी त्यांची अहिराणी माझ्या वडिलांइतकीच चोख होती.

मी दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी लगेच ओळखलं. "बठ बेटा. तुन्हा बापनी रजई मीच भरेल शे," म्हणाले. मग माझ्या हातातली पेटी पाहिली आणि विचारलं, "तू डॉक्टर व्हयनी ना वं?"

मी माझं नेहमीचं वाक्य सांगितलं. मी उपचार करणारी नाही, मी शोध घेणारी आहे. तुमच्या मुलीला यातून आज काही मिळणार नाही, पुढच्या मुलांना कदाचित मिळेल. कागदावर लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. चाचांनी ऐकून घेतलं. पण मी जेवढं सांगितलं त्याहून वेगळं काहीतरी त्यांना ऐकू येत होतं, हे मला दिसत होतं. त्यांना ऐकू येत होतं की आपल्या ओळखीची, आपल्या रजईत झोपून वाढलेली पोर पुण्याहून मशीन घेऊन आपल्या मुलीसाठी आली आहे.

"एवढं रगत काढशी, मन्ही पोर सुकी जाई," ते एवढंच म्हणाले, आणि उर्दूत सही केली.

आफरीन खरंच सुकलेलीच होती. दवाखान्यातून चारच दिवसांपूर्वी घरी आलेली. मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं. पण बडबडी होती. सुई टोचताना तिने मान वळवली नाही, नळीत रक्त कसं चढतं ते बघत राहिली. तिची आई, जैतूनचाची, तोंडाला ओढणी लावून बाजूला उभी होती. आफरीन म्हणाली, "अम्मी को मत दिखाओ. मैं खुद लेती हूँ सुई, अम्मी तो रोती है."

महिन्याने दुसरा नमुना घेतला त्या दिवशी ती हट्टाने माझ्याबरोबर कॉलेजात आली. तिला बघायचं होतं की पांढऱ्या पेशी खरंच पांढऱ्या असतात का. चाचीही सोबत आली. मी सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवली आणि आफरीनला स्टुलावर उभं केलं. तिने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. पेशी तशा दिसायला काही खास नसतात. गोल, फिकट, एकसारख्या. मग तिने डोळा न काढताच विचारलं, "इनमें से मेरेको मारनेवाले कौनसे है?"

चाचीने तिच्या पाठीत धपाटा घातला. "चुप. कुछ भी बोलती."

मी म्हटलं, "तेच तर ओळखायचं आहे. म्हणून तर एवढं सगळं."

आम्ही त्या ओळखल्या. तिच्याच रक्तात ओळखल्या. त्याला आणखी दोन वर्षं लागली.

आता मला त्या काळाबद्दल सांगायचं आहे ज्याला डॉक्टरी पुस्तकांत मधुचंद्र म्हणतात. हे नाव कोणी ठेवलं मला माहीत नाही. इन्सुलिन सुरू केल्यावर स्वादुपिंडाला जरा विसावा मिळतो, आणि ज्या थोड्या पेशी अजून वाचलेल्या असतात त्या पुन्हा काम करू लागतात. मुलाची साखर एकदम ताळ्यावर येते. सुईचा डोस उतरत उतरत नावापुरता होतो. मूल बाळसं धरतं, धावतं, शाळेत जातं. आईबापांना वाटतं, आजार गेला. आजार गेलेला नसतो. काही आठवडे, काही महिने, क्वचित वर्षभर. मग उरलेल्या पेशीही मारल्या जातात आणि ते संपतं. आमच्या विषयात काम करणाऱ्या कोणालाही हे माहीत असतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही.

सरांना तिसरा नमुना याच काळातला हवा होता. मूल बरं दिसत असताना त्या मारेकरी पेशी कुठे असतात, काय करतात, हाच आमचा प्रश्न होता. आणि माझ्या यादीतली मुलं गळत चालली होती. एक कुटुंब ऊसतोडीला निघून गेलं. खांडबाऱ्याच्या एका घरात मी मुलीच्या बापाला प्रामाणिकपणे सांगितलं की हे बरं होणं तात्पुरतं आहे, आजार जन्मभराचा आहे. तो उठला आणि माझी पेटी अंगणात ठेवली. "आमची पोरगी बरी झालीय, तुम्हाला ती आजारी पाहिजे," म्हणाला. फोनवर सरांना हे सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "तिसरा नमुना नसेल तर पहिले दोन नमुने म्हणजे नुसतं रक्त. चौथं वर्ष आहे तुझं. मला फेब्रुवारीत समितीला काहीतरी दाखवावं लागेल." ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला आज त्यांच्यावर काही ढकलता आलं असतं.

माघात मी तिसऱ्यांदा युसुफचाचांच्या घरी गेले. आफरीन अंगणात उड्या मारत होती. मला बघताच हात पुढे करून बसली. गाल वर आलेले, वेणी घातलेली. चाचा दुकानातून कापूस झटकत आले.

"देख, कशी टमाटरसारखी व्हई गयी!" त्यांचा आवाज आनंदाने फाटला होता. "तू खराब रगत काढी लिधं ना, म्हनीसन."

त्यांना मनापासून असं वाटत होतं. दोनदा रक्त काढलं, त्याबरोबर आजार निघून गेला. तिसऱ्यांदा काढलं की मुळापासून जाईल. तिसऱ्या नमुन्याचा कागद त्यांच्या गुडघ्यावर होता, पेन हातात होतं. सही व्हायची होती.

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "हो, छान दिसतेय."

त्यांनी सही केली.

मी आफरीनच्या दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली, सुई घातली. रक्त नळीत यायला लागलं. त्या वेळी चाची माझ्या शेजारी उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, "बेटा, अब ये तो ठीक हो गई. रोज की सुई बंद कर दें क्या?"

तिने विचारलं होतं. हे मी पुन्हा पुन्हा स्वतःला सांगत आले आहे. तिने गृहीत धरलं नव्हतं, लपवलं नव्हतं. मला, ज्या माणसाला पक्कं उत्तर ठाऊक होतं त्यालाच, तिने सरळ विचारलं होतं. उत्तर तीन शब्दांचं होतं. चाची, कधीच नाही.

आमच्या कामाला लेखी नियम आहेत. संशोधकाने उपचाराबद्दल सल्ला द्यायचा नाही. नियम चांगल्या हेतूने केलेला आहे. नळी अर्धी भरली होती. मी नाही म्हटलं असतं तर चाचांनी विचारलं असतं, म्हणजे बरी नाही झाली का, मग रक्त कशाला काढतेस. खांडबाऱ्याचं अंगण मला दिसत होतं.

"ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, चाची," मी म्हटलं. "मला सांगायचा अधिकार नाही."

चाचीने मान हलवली. माझ्या आवाजात तिला कुठेच भीती ऐकू आली नसणार. मी ती ठेवलीच नव्हती. नळी भरली, मी सुई काढली, कापूस दाबला. आफरीन म्हणाली, "बस इतनाच?" मी घाईत निघाले, कारण काढलेलं रक्त फार वेळ टिकत नाही, दुपारच्या आत पेशी वेगळ्या कराव्या लागतात. तो नमुना फार चांगला निघाला. इतक्या जिवंत पेशी मला त्याआधी कधी मिळाल्या नव्हत्या.

ते डॉक्टरांकडे गेले नाहीत. लग्नसराई होती, गाद्यांचं काम अंगावर होतं, होळीनंतर जाऊ म्हणाले. सुई मात्र बंद केली. दोन आठवडे काही झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात आफरीनला ताप आला, ओकाऱ्या सुरू झाल्या. त्यांना वाटलं, बाधलं काहीतरी. तिच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता, हे चाचीने नंतर दवाखान्यात सांगितलं. तो वास शरीरातलं इन्सुलिन संपल्याचा असतो, हेही आमच्या विषयात सगळ्यांना माहीत असतं.

फोन मला मुलांच्या डॉक्टरांनी केला. मी पुण्यात होते. आमच्या जिल्ह्यातल्या काठी गावची प्रसिद्ध होळी बघायला जायचं म्हणून प्रयोगशाळेतली दोन-तीन मुलं माझ्यामागे लागली होती, मी त्यांना गाड्या कोणत्या ते सांगत होते. डॉक्टर म्हणाले, "तुमची ती युसुफभाईंची मुलगी गेली. आणली तेव्हा उशीर झाला होता. सुई बंद केली होती त्यांनी." ते 'तुमची' म्हणाले. सहज म्हणाले.

त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. दुःख नंतर आलं, रडू नंतर आलं. सगळ्यात आधी आलं ते हे: तिसरा नमुना आपल्याकडे आहे.

हे लिहून झाल्यावर मी थोडा वेळ खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाहेर आई मिरचीचे देठ खुडत बसली आहे. म्हाताऱ्या बोटांची गती कमी झालेली नाही.

त्या वर्षी होळीनंतर मी घरी आले तेव्हा आईला सगळं कळलेलं होतं. नंदुरबार काही मोठं नाही. तिने मला जेवायला वाढलं आणि समोर बसली. "तू तठे व्हती ना?" म्हणाली.

"रक्त घ्यायला गेले होते."

"मंग तू काय करं?" मग तू काय केलंस?

मी तिला नियम समजावून सांगू लागले. कोणी काय सांगायचं, कोणी काय नाही. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की हे शिक्षण तिला नको झालं आहे. तिने माझं ताट उचललं. तेव्हापासून तिने माझ्या कामाबद्दल विचारलेलं नाही. परवा सत्कारालाही ती आली नाही, मिरची उलटायची आहे म्हणाली.

आमच्या शोधनिबंधात एक आलेख आहे. त्यात प्रत्येक मूल म्हणजे एक ठिपका. बहुतेक ठिपके एका झुबक्यात आहेत, आणि एक ठिपका वर, एकटा, स्पष्ट. त्या ठिपक्यामुळे सगळ्या निबंधाचा अर्थ लागतो. आफरीनला यादीत क्रमांक होता, नाव नव्हतं. नाव काढून टाकणं हा मुलांच्या भल्याचाच नियम आहे. परदेशातल्या एका परिषदेत मी तो आलेख दाखवला तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका वृद्ध शास्त्रज्ञांनी चष्मा पुसत म्हटलं होतं, "किती सुंदर आहे हा वरचा!" सभागृह हसलं. मीही हसले. पुढची तीन वर्षं मला ज्यांनी काम दिलं ते त्याच सभागृहात बसले होते. एकाने चहाच्या वेळी विचारलं, त्या मुलाचा चौथा नमुना मिळू शकेल का? मी म्हटलं, संपर्क तुटला आहे.

माझ्या विषयात माझ्याहून हुशार माणसं रिकाम्या हाताने बाहेर पडलेली मी पाहिली आहेत. कोणी औषधं विकतं, कोणी शिकवण्या घेतं. माझ्याबरोबरच्या एकीने पाच वर्षं उंदरांवर काम केलं आणि शेवटी कळलं की उंदरांची जातच चुकीची आली होती. ती घरी परत गेली. मला दिवस मिळाले, मुलं मिळाली, आणि तिसरा नमुना मिळाला. चांगल्या संशोधकाला काय लागतं असं परवा शाळेतल्या मुलींनी मला विचारलं. मी म्हटलं, चिकाटी. मुलींनी वहीत लिहून घेतलं.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी मी युसुफचाचांकडे गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. दुकान तेच, मशीन नवं. चाचांची दाढी आता पांढरीच आहे, त्यामुळे कापूस वेगळा दिसत नाही. त्यांनी मला बसवलं, चाचीला हाक मारली. ती आली आणि दाराशी उभी राहिली.

मी पाठ करून गेले होते. तरी अडखळले. मी सांगितलं की त्या दिवशी चाचीने विचारलं तेव्हा मला माहीत होतं. सुई बंद केली तर काय होईल हे पूर्ण माहीत होतं. मी सांगितलं नाही. मला रक्त हवं होतं.

चाचांनी मशीन बंद केलं. बराच वेळ बोटांनी कापूस सोडवत राहिले. मग म्हणाले, "माले माहीत शे, बेटा."

मी मान वर केली.

"दवाखानामा डॉक्टरनी इचारं, सुई बंद कराले कोणी सांगं? मी सांगं, कोणीच नई. मन्हीच अक्कल." त्यांनी कापूस खाली ठेवला. "तुन्हं नाव मी लिधं नई. तुन्हं शिक्षण चालू व्हतं."

नऊ वर्षं मला वाटत होतं की माझा अपराध त्यांना ठाऊक नाही. त्यांना ठाऊक होता. मुलीचं कलेवर समोर असताना त्यांनी माझ्या शिक्षणाची काळजी केली होती. मला शिव्या हव्या होत्या. हाताला धरून बाहेर काढायला हवं होतं. मी तोंड लपवलं. चाची दाराशी होती तशीच उभी होती. तिने मला जवळ घेतलं नाही, पाणीही विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "आफरीन बोली थी मेरेको, मॅडम ने ना नहीं बोला, मतलब चलता है."

मग चाचांनी विचारलं, "तिन्हं रगत शे का आजून, तुन्हा जोडे?"

मी म्हटलं, थोडं आहे. पुण्याला, गोठवून ठेवलेलं.

"माले दे. माटी देवानी शे." तिच्या कबरीशेजारी पुरायचं होतं. मुलगी अर्धीमुर्धी बाहेर राहिली आहे, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. एवढी वर्षं ते हे कोणापाशी बोलले नव्हते, कारण बोलायचं कोणापाशी?

मी म्हटलं, नियम बघावे लागतील. म्हणाले, "नियम शे तर शे. इचारी देख."

इथवर मी रनाळ्यात लिहिलं होतं; पुण्याला परतून विचारून पाहिलं. उत्तर चार दिवसांत आलं, नम्र भाषेत. नमुन्यांवरून नावं काढलेली आहेत, त्यामुळे अमुक नमुना अमुक मुलीचा आहे असं संस्था म्हणू शकत नाही, त्यामुळे परत देण्याचा प्रश्न येत नाही. काल दुपारी मी चाचांना फोन केला आणि सांगितलं, देत नाहीत.

 त्यांच्या मागे मशीन चालू होतं. मग म्हणाले, "तठे दुसरा पोरेस्नं बी शे ना?"

"हो चाचा. पुष्कळ मुलांचं आहे."

"मंग ऱ्हाऊ दे. एकली नई शे ती."

खरं म्हणजे तिथे रक्त नाहीच. लाल असं काहीच उरलेलं नाही. दोन कुप्या आहेत, करंगळीच्या पेराएवढ्या, आणि त्यांत फक्त पांढऱ्या पेशी आहेत. आफरीनचं या जगात जे काही शिल्लक आहे ते म्हणजे तिला मारणाऱ्या पेशी, जिवंत. त्या एकदा वितळवल्या की त्याच दिवशी वापरून संपवाव्या लागतात, पुन्हा गोठवता येत नाहीत. पुढच्या महिन्यातल्या प्रयोगांच्या यादीत त्या दोन्ही कुप्या आहेत. यादी मी केली आहे.

हे मी चाचांना सांगितलं नाही. मी म्हटलं, "हो, एकटी नाही," आणि फोन ठेवला.